जपानी पाकोळी आणायला बडोद्याला

मोटार घ्यायची हे मी बैलगाडीत बसून ठरवलं. मी नंदुरबारला नर्स आहे, बाळंतपणं करते. सात कोसांवरच्या एका गावात बाई अडली म्हणून तिच्या नवऱ्याने संध्याकाळी गाडी जोडून पाठवली. ती माझ्या दारात पहाटे आली आणि मी तिकडे पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. बाई तासाभरापूर्वी गेली होती. मूल आजीच्या मांडीवर रडत होतं. परतीच्या वाटेवर मी गाडीवानाकडे पाठ करून बसले. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, बैलांचाही नव्हता, पण मला सगळ्यांचाच राग आला होता.

घरी आल्या आल्या मी दादाला सांगितलं, "मला मोटार हवी."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचं सायकलचं दुकान आहे, त्याआधी दोन वर्षं तो कापसाची लॉरी चालवायचा. त्यामुळे चाक असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल त्याचं मत तयार असतं. "नर्सबाई मोटारीतून हिंडणार, मग कलेक्टरने काय विमान घ्यायचं?" एवढं बोलून तो जेवायला बसला. पण आठवड्याभरात बडोद्याहून मावशीचं पत्र आलं. तिच्या गल्लीतले निवृत्त रिसालदार आप्पासाहेब आपली छोटी जपानी मोटार विकत होते, तीही नव्या गाडीच्या निम्म्याहून कमी किमतीत. साठवलेल्या पैशांत माझ्याने तेवढंच जमणार होतं. ही गाडी गेली की दुसरी नाही, हे मला कळत होतं.

"जपानी?" दादा म्हणाला. "मी जपानी घंटा विकतो ना दुकानात. गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंत वाजतात."

शेवटी तडजोड झाली. बडोद्यात असल्या जपानी गाडीचे जे मालक भेटतील त्यांना आधी विचारायचं, मग बोलायचं. दादाची एक अट होती. गाडी कितीही आवडली तरी मी तोंड उघडायचं नाही. "तुझ्या चेहऱ्यावरच भाव वाढतो," असं त्याचं म्हणणं.

गुरुवारी सकाळच्या गाडीने निघालो. तुम्ही खानदेशातून जाणार असाल तर सुरतेला गाडी बदलावी लागते आणि मध्ये बराच वेळ मिळतो. तो फलाटावर बसून घालवू नका, स्टेशनाबाहेर जाऊन खव्याची, तुपात बुडवलेली घारी खा. आम्ही दोघांत एक घ्यायची म्हणून गेलो आणि चार खाऊन आलो. भरूचला खारे शेंगदाणे घ्या, तेही पूल यायच्या आधी, कारण नर्मदा आली की डब्यातले सगळे खिडकीशी जातात आणि विकणाऱ्याकडे कुणी बघत नाही. मीही एक पैसा नदीत टाकला. काय मागितलं ते दादाने विचारलं नाही, त्याला ठाऊक होतं.

बडोद्याला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. टांगेवाल्याने दांडिया बाजारपर्यंत सहा आणे मागितले, दादाने मराठीतून वाद घातला, त्याने गुजरातीतून घातला आणि चारवर दोघंही खूश झाले. महाराजांच्या साठ वर्षांच्या राज्याचा उत्सव नुकताच होऊन गेला होता, रस्त्याकडेला कमानींचे बांबू अजून रचून ठेवलेले होते. सूरसागराच्या काठाने गार वारा आला आणि दिवसभराचा कोळसा नाकातून जरा गेला. मावशीने दारातच "आवो आवो" म्हटलं. तिला बडोद्यात तीस वर्षं झाली. पाहुण्यांचं स्वागत ती गुजरातीत करते आणि रागावते मात्र अस्सल मराठीत.

शुक्रवारी पहिला मुक्काम लहरीपुरा दरवाजा. तिथल्या कापडाच्या एका शेठजींकडे अशीच गाडी आहे. दुकानासमोर ती उभी होती आणि मी पाहतच राहिले. काळी, बुटकी, अंगाने अरुंद, आणि नाकावर पितळेचा एक छोटा पक्षी पंख पसरून बसवलेला. त्या पक्ष्यावरून बडोद्यातली मराठी माणसं तिला पाकोळी म्हणतात. कंपनीचं खरं नाव कुणालाच धड उच्चारता येत नाही. शेठजी गादीवरून न उठता म्हणाले, "बेन, गाडी सरस छे. मोठी विलायती मोटार दरवाज्याशी अडते, ही बाजारातून गाईच्या बाजूने निघून जाते. पेट्रोल चाखते फक्त, पीत नाही."

"आणि वाईट काय?" दादाने विचारलं.

"वैशाखात पाणी उकळतं. चहा करून घ्यायचा. आणि काही तुटलं तर मुंबईला बोट येईपर्यंत वाट बघायची. स्प्रिंगचा पाटा तुटला तर बे महिना गाडी उभी."

"टायर?"

"टायर? दीड वरस झालं, तेच आहेत."

तिथून रावपुऱ्यात एका प्रोफेसरांकडे गेलो. त्यांचे आजोबा सरकारी दफ्तरात होते, वडील सरकारी दफ्तरात होते, आणि त्यांच्या बोलण्यातही दफ्तराचा नीटनेटकेपणा होता. गाडीपेक्षा त्यांना गाडीच्या इतिहासात जास्त रस. कंपनीचं इंग्रजी माहितीपुस्तक त्यांनी कव्हर घालून ठेवलेलं होतं. त्यांनी सांगितलं की ही कंपनी काढणारा मूळचा रिक्षाची चाकं करणारा कारागीर, म्हणजे त्यांच्याकडे माणूस ओढतो त्या रिक्षा. मग तो सायकली करू लागला. मोठ्या भूकंपात ट्रामचे रूळ उखडले, लोकांना सामान न्यायला काही मिळेना, तेव्हा त्याने तीन चाकी गाडी काढली आणि पुढे तिला चौथं चाक लावलं. तिकडे इतक्या छोट्या इंजिनाच्या मोटारीला चालवण्याची परीक्षा द्यावी लागत नाही, म्हणून ती दुकानदारांनी आणि डॉक्टरांनी उचलून धरली.

"आणि तो पक्षी?" मी विचारलं.

"कारखान्याच्या छपरात पाकोळ्यांनी घरटं केलं होतं म्हणे. पिल्लं उडेपर्यंत मालकाने दार लावू दिलं नाही."

डॉक्टरांनी उचलून धरली, हे ऐकून मी दादाकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. प्रोफेसरांची तक्रार एकच, गाडी बुटक्या माणसांसाठी केलेली आहे. त्यांचे गुडघे स्टिअरिंगच्या चाकाला लागतात आणि ते गुडघ्यांनीच वळण घेतात असं त्यांची बायको आतून म्हणाली. टायर त्यांचेही चांगले होते. दादा सायकलवाला, त्यामुळे हाताने काम करणाऱ्या कारागिराबद्दल त्याला आदर आहे. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "रिक्षाच्या चाकापासून सुरुवात केली. म्हणजे माणूस आपल्यातलाच निघाला." मी मनात म्हटलं, चला, अर्धा गड सर झाला.

दुपारी आप्पासाहेब. उंच, पांढऱ्या मिशा, पाठ अजून घोड्यावर बसल्यासारखी ताठ. त्यांच्या घराण्यात चार पिढ्या सरकारी पागेत गेल्या. अंगणामागच्या जुन्या तबेल्यात पाकोळी उभी होती. समोर गव्हाणी तशीच, भिंतीला लगामाच्या खुंट्या तशाच, गाडीवर झूल. दीड वर्षांची गाडी, पण पितळेचा पक्षी असा लखलखत होता की त्यात मला माझं कुंकू दिसलं. दादाने बाजारच्या रस्त्याने एक फेरी मारली आणि त्याच्या मानेवरूनच मला कळलं की गाडी त्याला आवडली. परत आल्यावर तो म्हणाला, "आता जरा रिव्हर्स बघतो."

"ते नाही," आप्पासाहेब म्हणाले. "पागेचं जनावर मागच्या पावलाने चालत नाही."

दादाला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. गाडी मागे घ्यावी लागू नये म्हणून त्यांनी तबेल्याची मागची भिंत फोडून दुसरा दरवाजा काढला होता. पाकोळी एका दाराने आत येते, दुसऱ्याने बाहेर जाते.

"मग विकता कशाला?" मी न राहवून विचारलं. दादाने माझ्या पायावर पाय दिला.

आप्पासाहेब म्हणाले, "फसवून विकणार नाही, बाई. घोडी गुणी आहे, पण हिला कुठेतरी खोटा भोवरा आहे. दर तीन-चार महिन्यांनी चारी टायर सडतात. जपानी गेले, विलायती घातले, तेही गेले. लोकांचे टिकतात, माझेच जातात. अंगावरचा केसांचा भोवरा वाईट असला की जनावर मालकाला लाभत नाही. दुसऱ्याला लाभेल कदाचित." हे सांगताना त्यांचा हात गाडीच्या टपावरून फिरत होता.

शनिवारी सकाळी आम्ही पैसे ठरवायला पुन्हा गेलो. आप्पासाहेब पूजेत होते. तबेल्यात त्यांचा घोड्यांची निगा राखणारा म्हातारा मोतद्दार रामजी खाली बसून टायरला वाटीतलं तेल लावत होता. हळूहळू, बोटांनी, कडेकडेने. "रोज?" मी विचारलं.

"रोज, बाई. खुराला तेल नसलं की खूर फुटतो. धन्याचा हुकूम आहे, आणि तेल घाण्याचं, ताजं."

मी टायरला अंगठा लावला. रबर फुगलेलं, मऊ, बोटाला चिकटणारं. हे मी ओळखते. आमच्या इस्पितळात एका नव्या बाईने रबरी हातमोजे टिकावेत म्हणून खोबरेल लावून ठेवले होते, ते आठ दिवसांत असेच झाले होते. रबराला पावडर लावतात, तेल कधीच नाही. टायर नवे घ्या, तेलाची वाटी घरात न्या, की भोवरा संपला.

दादाच्याही लक्षात आलं. त्याने मला दंडाला धरून बाजूला घेतलं. "सुमे, आता गप्प बस. नंदुरबारला जाऊन तेल लावू नकोस म्हणजे झालं. हे त्यांना सांगितलंस तर ते गाडी विकतील का?"

बरोबर होतं त्याचं. मला ती गाडी हवी होती, अगदी पोटातून हवी होती. आजीच्या मांडीवरचं ते मूल मला दिसत होतं. मी ठरवलंही होतं की बोलायचं नाही. पण आप्पासाहेब पूजा आटोपून आले, कपाळाला गंध, आणि गाडीच्या नाकावरच्या पक्ष्याला त्यांनी बोटभर अंगारा लावला. म्हणाले, "जाताना तरी हिची पीडा जाऊ दे." आणि माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. हातमोजे, खोबरेल, पावडर, सगळं.

रामजीने वाटी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसला. आप्पासाहेब त्याला म्हणाले, "तुझी चूक नाही रे. हुकूम माझा होता." मग ते गाडीकडे वळले. "उगाच बोल लावला हिला," एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुम्हांला कशाला हवी होती मोटार?"

मी सांगितलं. सात कोस, पहाट, तासाभराचा उशीर.

"आज शनिवार," ते म्हणाले. "शनिवारी पागेतून जनावर बाहेर देत नाहीत. उद्या या."

दादा घरापर्यंत माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिला. मावशीने भाकरवडी केली होती, तीही त्याने चार घासांत संपवली आणि मग म्हणाला, "हरिश्चंद्राची अवलाद." पण संध्याकाळी तोच मला कमाटीबागेत फिरायला घेऊन गेला. बडोद्याला गेलात तर बाग चुकवू नका, आणि मनात काही खात असेल तर नक्कीच चुकवू नका. मला मात्र त्या दिवशी झाडं दिसली नाहीत.

रविवारी पाकोळी अंगणात उभी होती. झूल काढलेली, नाकावर झेंडूचा हार. आप्पासाहेब म्हणाले, "मी हिला संध्याकाळी बागेपर्यंत नेतो आणि आणतो. घोडी एवढ्यासाठी नसते. तुमच्या मावशीला सांगितलं होतं तेवढंच द्या." किंमत त्यांनी वाढवली नाही. वर एक वचन मात्र घेतलं. "हिला मागच्या पावलाने चालवायची नाही. नाही म्हणालात तरी गाडी देईन, पण हो म्हणालात तर पाळा."

मी हो म्हटलं. एवढ्यासाठी कोण नाही म्हणेल?

पाकोळी मालगाडीने नंदुरबारला आली, झुलीसकट. गाडी दुकानात ठेवायची म्हणून दादाने दुकानाची मागची भिंत फोडली, दुसरा दरवाजा काढला आणि आठ दिवस गिऱ्हाइकांना कारण सांगत बसला. चाकांना नवे टायर आणि वर शंखजिऱ्याची पावडर. जपानी घंटांबद्दल तो आता काही बोलत नाही. उन्हाळा संपेपर्यंत मी गाडी शिकले. वळायला जागा नसेल तिथे मी अर्धा कोस पुढे जाऊन वळून यायची. गावचे लोक हसायचे, हसोत.

दिवाळीनंतर एका गावात गाडी घेऊन अरुंद गल्लीत शिरले. बाईचं मूल आडवं आलं होतं, घरी सुटका होणं शक्य नव्हतं, तिला इस्पितळात न्यायला हवं होतं. तिला मागच्या बाकावर निजवलं, पुढे बघितलं तर उसाची गाडी आस मोडून गल्लीत आडवी. बाईचा आवाज बारीक होत चालला होता. मी गिअर मागचा टाकला. मान वळवून, भिंतींना घासत, सगळी गल्ली मागे आले.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांना पत्र लिहिलं. वचन मोडलं, कुठे मोडलं, किती अंतर मोडलं, उजवीकडे किती घासली, सगळं लिहिलं आणि क्षमा मागितली. उत्तर येईपर्यंत मला जेवण गोड लागेना. आठव्या दिवशी कार्ड आलं, अक्षर पागेतल्यासारखं ताठ.

"पत्र पोचले. घोडीचे मागाहून. बाळंतीण व मूल कशी आहेत ते तुम्ही लिहिलेच नाही. उलट टपाली कळवावे."

मी दादाच्या दुकानातच उभ्या उभ्या कार्ड लिहिलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.