हात काय म्हणतो

"बाबा म्हणजे काय तुझ्या वर्गातला सांगाडा आहेत, नेऊन उभा करायला?" मुलाने विचारलं.

"सांगाडा उभाच असतो," आई म्हणाली. "तुझे बाबा उभे राहत नाहीत. अडचण ती आहे."

"माणूस जन्मभर इस्त्रीचा शर्ट घालून चष्म्याच्या दुकानात बसला. आता वर्गभर पोरंपोरी त्यांना अर्ध्या चड्डीत चिवडणार!"

"अहो, हळू बोला ना," सून म्हणाली. "बाबा इथेच बसलेत."

बाबा खरंच तिथेच होते, जेवणाच्या टेबलापाशी. त्यांनी चांगला हात, म्हणजे डावा, पाण्याच्या पेल्याकडे नेला. "अहो, पडाल!" आई म्हणाली, आणि शब्द संपायच्या आत पेला उचलून त्यांच्या ओठांशी धरला.

सुनेला हसू आलं. "आई, या घरात दिवसभर हाच एक शब्द ऐकू येतो. परवा तुम्ही शेजाऱ्यांच्या मांजरालासुद्धा म्हणालात."

"मांजर कठड्यावर होतं," आई म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, "शनिवारी येणार ना हो माझ्याबरोबर?"

अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्याकडे चार-पाचच शब्द उरले होते. "चल," ते म्हणाले.

"ते सगळ्यालाच चल म्हणतात," मुलगा म्हणाला आणि ताट सारून उठला. तेही खोटं नव्हतं.

आईला कॉलेजात सगळे हातवाल्या बाई म्हणायचे. मेंदूला इजा झालेल्या माणसांना कसं धरायचं, कसं वळवायचं, कसं बसतं-उभं करायचं, हे फिजिओथेरपीच्या मुलांना शिकवण्यात त्यांची उमर गेली होती. पुस्तकातलं शिकवणारे बरेच होते, हाताने शिकवणाऱ्या त्या एकट्या. लग्न ठरवताना सासूबाईंनी त्यांचे हात बघून, "पुरुषी आहेत," असं म्हटलं होतं. पुढे त्याच सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा कूस बदलायला त्यांना दुसऱ्या कुणाचे हात चालेनात.

वर्गात शिरल्यावर अंगठ्या, घड्याळं काढून ठेवायची आणि नखं दाखवायची. मग जोड्या लावायच्या. एकाने पेशंट होऊन बुटक्या पलंगावर बसायचं आणि डोळे मिटायचे. दुसऱ्याने हात ठेवायचा. बाई विचारायच्या, "हात काय म्हणतो?"

"मॅडम, हिचा हात म्हणतो, मला भूक लागलीय."

वर्ग हसायचा, पण बाई हसायच्या नाहीत. "हाताने माणसाला उचलायचं नसतं, सुचवायचं असतं. त्याचं अंग कामाला लागलं की आपला हात निघाला पाहिजे. तो कधी काढायचा हे कळलं की तुमचं शिक्षण संपलं."

शनिवारी मुलानेच तोंड पाडून बाबांना गाडीतून आणून सोडलं आणि तो दुकानात निघून गेला.

बाईंनी मुद्दाम एका बुजऱ्या मुलीला पुढे बोलावलं. तिचे हात कायम थंड, म्हणून वर्गाने तिचं नाव गारठा ठेवलं होतं. तिने हात एकमेकांवर खसाखसा चोळले. एक बाबांच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला, दुसरा कमरेशी. समोर मॅडमचे मिस्टर, त्यामुळे ती जपूनच धरत होती. बाबा पुढे झुकले आणि तिचा कमरेचा हात जरा मागे राहिला. तेवढ्या अवकाशात बाबांची उजवी टाच जमिनीवर दाबली गेली. मांडी आवळली. वीतभर वर उठून ते परत बसले.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. "इथे तमाशा चाललाय का?" बाई म्हणाल्या. "सरक. मी दाखवते."

बाईंनी हात ठेवले आणि बाबा एका दमात ताठ उभे राहिले. बघणाऱ्यांना ते फार सुरेख दिसलं. पण बाईंच्या तळहाताखाली उजवी मांडी उशीसारखी मऊ होती. ते डाव्या पायावर उभे होते, आणि बाईंवर. घरी त्या त्यांना रोज सकाळी असंच उभं करत होत्या आणि सगळ्यांना सांगत होत्या, की पायात जोर अजून येत नाही.

त्यांनी बाबांना खाली बसवलं. "डोळे मिटा. आता हिचा हात आहे. हात काय म्हणतो?"

गारठाने गुडघ्यावर हात ठेवला.

"चल," बाबा म्हणाले.

बाईंनी तिचा हात बाजूला केला आणि आपला ठेवला. "आणि हा?"

बाबांचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. त्यांच्या कपाळाची शीर फुगली.

"प... पडाल."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. गारठाने मान खाली घातली. बाईंनी आपला हात उचलला आणि पुसायचा असल्यासारखा कोटावर घासला. पुढचा तास त्यांनी नेहमीसारखाच घेतला, आवाज चढू दिला नाही की उतरू दिला नाही. वर्ग सुटल्यावर मात्र गारठाला थांबवून घेतलं.

संध्याकाळी जेवताना मुलाने विचारलं, "झालं प्रदर्शन?"

बाबांनी डावा हात पेल्याकडे नेला. आईचा हात टेबलावरून उचलला गेला. तो तिने मागे घेतला आणि मांडीखाली दाबून बसली. पेला हिंदकळला, पाणी टेबलावर सांडलं, थोडं शर्टावर. उरलेलं बाबा प्यायले. सून फडकं आणायला उठत होती, तिला आईने नजरेनेच बसवलं.

"उद्यापासून मी ह्यांना हात लावणार नाही," आई मुलाला म्हणाली. "माझ्या वर्गातली एक मुलगी रोज सकाळी येईल. बाथरूमला तू न्यायचंस, आणि ते स्वतः पुढे झुकेपर्यंत धरायचं नाहीस. त्या वेळी मी घरात असणार नाही."