येळवशीची तपासणी

चाकूरकडच्या एका वस्तीवर मी एकखोली शाळेचा शिक्षक होतो. पट सतरा. शाळा चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला साहेब येणार असल्याचं पत्र आलं. बंद झाली असती तर पोरांना ओढ्यापलीकडच्या गावात जावं लागलं असतं, आणि मुली घरीच बसल्या असत्या. मला त्याचीच धास्ती होती.

मी पत्रातली तारीख पाहिली, भिंती रंगवल्या, पाढे घोकून घेतले. आदल्या संध्याकाळी शाळा समितीच्या अध्यक्ष बाई दारात उभ्या. "गुरुजी, उद्या येळवस हाय की!"

मी कपाळावर हात मारला. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडे अख्खी वस्ती शेतात जेवायला जाते. साहेब परजिल्ह्यातले, त्यांना काय ठाऊक. पण मी इथलाच असून झोपलो होतो. फोन केला. साहेब म्हणाले, "परवा अहवाल द्यायचाय. उद्याच पोरं मोजणार."

"मंग सायबाला शेतातच आना," बाई म्हणाल्या.

आणलं. पण एका शेतातून दुसऱ्या शेतात जायचं तर पायवाट ओल्या रानातून. प्रत्येक शेतात पूजेसाठी उभारलेली कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं; तिथं आधी आंबील, भज्जी, आग्रह. मग पोरगं पुढं. पाहुण्यांची पोरं मोजणीत घुसत, मी त्यांना हाकलत होतो. तिसऱ्या कोपीपासून साहेबांनी बूट हातात घेतले. पटावरचं सतरावं लेकरू, एक मुलगी, बाईंच्या कोपीत सापडलं, तोपर्यंत ते घामाघूम झाले होते.

टेकताच त्यांनी बाईंना विचारलं, "गावातली शाळा लांब आहे का हो?"

"तुमी सकाळधरनं जितकं चाललाव, तितकंच," बाई पानात बाजरीचे उंडे वाढत म्हणाल्या. "वढा येगळा. आन् लेकरायला तर रोज जायाचं, रोज यायाचं."

साहेब चिखलानं भरलेल्या स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. मग मांडीवर कागद घेऊन त्यांनी लिहिलं, मोठ्यानं उच्चारत: "सतरा हजर. शाळा याच ठिकाणी सुरू ठेवावी."

बाईंनी मला पान वाढलं. पोरं हुडकण्याच्या नादात मी एकाही कोपीत तोंडात काही घातलं नव्हतं; आता पहिला घास उचलला. साहेबांसमोर, पोरांसमोर, मी सरळ रडलो.