काठातून शिरलेलं पातं

लाकडी फळीच्या आत नक्षीची आरपार खिडकी कापायची तर आधी तिथं ड्रिलनं भोक पाडावं लागतं. मग स्क्रोल सॉचं, म्हणजे नक्षी कापायच्या विजेच्या करवतीचं, बारीक पातं एका टोकाला सोडायचं, सुईत दोरा ओवावा तसं भोकातून ओवायचं, पुन्हा कसायचं आणि मगच मशीन चालू करायचं. ती खिडकी झाली की परत सगळं सोडायचं. चव्वेचाळीस खिडक्या असतील तर चव्वेचाळीस वेळा. ज्याला याचा कंटाळा आहे त्यानं लाकडाला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या भावाला कंटाळा आहे.

आम्ही विणकर. बाबांच्या मागावर टसरच्या साड्या निघायच्या, दातेरी करवती काठाच्या. शाळेतून आले की मी धोट्यातल्या कांड्यांवर दोरा भरायची, आणि मागावर बसायचा भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पाय धड खाली पोचत नव्हते, तरी तोच. एकदा मी विचारलं तर बाबा म्हणाले, "पोरी मागावर नाही बसत वं." पुढं त्यानं दोन वर्षांत माग सोडला, नोकरी धरली. मी तीस वर्षं कचेरीत फायली सांभाळल्या आणि निवृत्त झाल्या झाल्या हे मशीन घेतलं. घरच्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

गेल्या वर्षी बाबांनी माझ्याकडे देवघराला जाळीचं दार मागितलं. ते शहराच्या जुन्या महाल भागात भावाकडे राहतात. चौकड्यांच्या कागदावर त्यांनी तोच करवती काठ काढून दिला. नक्षीचा कागद त्यांनी माझ्या हातात देण्याची ही पहिलीच वेळ. मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की पोरी, तुझा हात चांगला आहे. साठी उलटली तरी ही हाव सुटत नाही, याचाही मला रागच येतो.

दार होत आलं तेव्हा एका रविवारी बाबा आणि भाऊ माझ्याकडे जेवायला आले. चव्वेचाळिसातली एकच खिडकी राहिली होती, कडेजवळची. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. मागच्या पडवीतून मशीनचा आवाज आला, मी ओरडले, "हात नको लावू!" तर भाऊ म्हणतो, "ताई, तू पोळ्या कर ना. मी उरकून टाकून राहिलो." मी तव्यावरची पोळी टाकून धावले नाही. ती चूक माझी.

जेवणं झाल्यावर बाबांनी दार मांडीवर घेतलं आणि आधी उलटं केलं. कापड ते नेहमी उलट्या बाजूनंच तपासायचे. बोटं एकेका खिडकीवरून फिरत गेली आणि कडेजवळ थांबली. मी वाकून पाहिलं. भोक पाडून पातं ओवण्याऐवजी भावानं कडेतून सरळ आत कापत नेलं होतं. अख्खी चौकट चिरली होती आणि त्या चिरेत गोंद न् भुसा भरून ठेवला होता. गोंद अजून ओला होता.

"घाई काहून केली वं तुनं?" बाबा मला म्हणाले.

भाऊ बडीशेप चघळत होता.

"मी नाही बाबा, यानं कापलं."

बाबांनी दार बाजूला ठेवलं. "असू दे मंग. त्याले सवय नाही."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी केलं असतं तर घाई, त्यानं केलं तर सवय नाही! त्रेचाळीस खिडक्यांबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. मी भांडी उचलली आणि मुद्दाम आपटत घासली.

दुसऱ्या दिवशी चिरेतला गोंद टोकदार पात्यानं खरवडून काढला आणि तेच दार महालात नेऊन देवघराला लावलं. चीर दर्शनी बाजूला दिसते. भाऊ म्हणाला, "हे बरं नाही दिसत." मी म्हटलं, "दिसू दे." रोज पूजेला बसताना ती दोघांना दिसते, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

त्याच कागदावरून दुसरं दार कापलं, माझ्या स्वतःच्या देवघरासाठी. चव्वेचाळीस वेळा पातं सोडलं, चव्वेचाळीस वेळा ओवलं. दिवाळीत बाबा आले तेव्हा ते दारापाशी बसले आणि मागून हात घालून बोटं फिरवत राहिले. बराच वेळ शोधलं. काही सापडलं नाही.

"मागावर बसली असती तं लई चांगलं विणलं असतं तुनं," ते म्हणाले.

हेच ऐकायला मी जन्मभर थांबले होते. आणि ऐकल्यावर आनंद नाही झाला, डोकंच फिरलं.

"बसू कोणी देल्लं मले, बाबा?"

त्यांनी दारातून बोटं काढून घेतली. मी विषय बदलला नाही.