चुना आणि दगडफूल

नंदगडच्या पुढे, जंगलाच्या तोंडाशी, एक लहानसं कॉलेज आहे. तिथल्या नीलम मॅडमची ही हकिगत. मी इथल्याच गावचा नट; जन्मभर नाटकांतून राजे रंगवले, खलनायक रंगवले. पण एका वाक्याने सगळा प्रवेश कसा पालटतो, ते मी पाहिलं या कॉलेजच्या गेटाजवळ.

नीलम बेळगावच्या वडगावची. घरात माग, वडील साड्या विणतात. रोज दोन बस बदलून ती इथं वनस्पतिशास्त्र शिकवायला येते. तिनं संशोधनाचं नाव काढलं तेव्हा स्टाफरूम हसली होती. "मॅडम, सूक्ष्मदर्शकाची काच फुटलीय, शोध कशातनं लावणार?"

मग तिनं सूक्ष्मदर्शकाशिवाय होणारं काम निवडलं. गेटापासून वर्गांपर्यंत आंब्या-फणसांची रांग आहे. त्यांच्या खोडांवर दगडफूल वाढतं, आपण मसाल्यात घालतो त्याच जातकुळीचं. हवा बिघडली की आधी ते मरतं. शेजारचा रस्ता रुंद झाला, मोठ्या गाड्या धावू लागल्या. त्याचा या दगडफुलावर काय परिणाम होतो, हे तिला पाहायचं होतं. खिळा-तारेनं खूण केलेल्या जागी साडीच्या वेष्टनाचा पारदर्शक कागद खोडावर धरायचा आणि दगडफुलाची कड पेनानं उतरवायची. दर महिन्याला, अशी तीन वर्षं.

"वाढलं का गं?" मी विचारायचो.

"नखाएवढं, आप्पा. पण वाढलं!" एखाद्या आईनं लेकराचा पहिला दात दाखवावा, तसं ती सांगायची.

पुढच्या तपासणीला मात्र उपकरणं हवीत, मुलांना कुणीतरी शिकवायला हवं. आडबाजूच्या कॉलेजला कोण विचारतो? तिनं ठिकठिकाणी लिहिलं. अखेर पुण्याच्या एका संस्थेतल्या डॉ. ब्राह्मी मगदूम यांनी कळवलं, "झाडं बघायला येते. काम पटलं तर जोडीनं करू." बाई मूळच्या निपाणीकडच्या.

नीलम त्यांना आणायला आदल्या दिवशीच बेळगावला गेली. इकडे प्राचार्य मारुतीरावांनी मांडव घातला, शाली आणल्या, आणि सूत्रसंचालनाला मला उभं केलं.

जीप गेटातून आत आली. नीलम उतरली आणि जागीच थिजली.

सगळ्या झाडांना पुरुषभर उंचीपर्यंत चुना आणि वर गेरूचा पट्टा! आमच्याकडे मोठा पाहुणा यायचा म्हटलं की झाडं रंगवल्याशिवाय स्वागत पुरं होत नाही. शिपाई भरमा हातातला ब्रश मिरवत पुढं आला. "कसं दिसतंय, मॅडम? लई राबलोय. आदी खोडं तासून सगळा बुरा काढला, मग चुना. तुमच्या तारा-खिळेबी उपटून टाकलं. पावण्यांच्या म्होरं बरं दिसंल न्हाय."

दगडफूल याच झाडांवर होतं, हे मारुतीरावांच्या ध्यानात आलं. त्यांनी तिला बाजूला घेतलं. कॉलेजची पटसंख्या दरवर्षी घटत होती, पुण्याच्या संस्थेशी करार त्यांनाही हवाच होता. ते कुजबुजले, "विहिरीमागं फणस आहेत. जेवणानंतर तेच दाखवा. त्यांना काय कळणार?"

तेवढ्यात मगदूमबाईंनी विचारलं, "तुमची झाडं कुठली?"

मी माइक बंद केला. असा क्षण भोंग्यावरून जाऊ नये.

"हीच ती," नीलम म्हणाली. "काल रंगवली."

भरमाच्या हातून ब्रश पडला. "व्हय? मग आत्ता घासून काढतो!"

"घासू नको!" दोघी एकदमच ओरडल्या. त्यानं शिल्लक असलेलंही गेलं असतं.

मगदूमबाई खोडापाशी उकिडव्या बसल्या. शाल, नारळ, सगळं मांडवात तसंच राहिलं. "रंगाच्या वर मोजलंय?"

"नाही. माझा हात पोचतो तिथवरच."

"म्हणजे मोजणी तुटली."

"तुटली."

नीलमनं पिशवीतून कागद काढले. बाईंनी एकेक उजेडात धरून पाहिला. मग थेट विचारलं, "दुसरी झाडं दाखवावीत असं मनात आलं नाही?"

"आलं होतं. पण मग पुढं प्रत्येक आकडा तुमच्यापासून लपवत बसावं लागलं असतं."

मारुतीराव चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"एक वर्ष बघू," बाई म्हणाल्या. "रंगाच्या वर नवी मोजणी सुरू करा. चुन्यावर काय परत येतं, तेही बघा. चुना लावल्याची तारीख तरी पक्की माहीत आहे. तुमची दोन मुलं उन्हाळ्यात शिकायला पुण्याला पाठवा. आणि पुढच्या खेपेला चुना विकत घेण्याआधी मला फोन करा."

भरमा पुटपुटला, "आता फुकट दिला तरी घेत न्हाय."

संध्याकाळी बसस्टॉपवर मला नीलम भेटली. जीप गेली होती, करार झाल्यात जमा होता. मी अभिनंदनाचं भाषण मनात जुळवत होतो. ती म्हणाली, "आप्पा, तीन वर्षं गेली हो," आणि पदरात तोंड लपवून रडली. भाषण मी तिथंच सोडून दिलं. मी नुसता शेजारी बसून राहिलो.

बस आली. पायरीवर चढता चढता तिनं डोळे पुसले. "उद्या पहिल्या तासाला शिडी लागेल. भरमाला सांगा, धरायला त्यालाच उभं करणार आहे मी."