वानखेडे सर आणि न दाबलं जाणारं बटण

वानखेडे सर आज सकाळी गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

सरांना हे पटलं नसतं. "ते लक्षण झालं. कारण काय? आणि शेवटचं नीट कधी चालत होतं?" असं त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं असतं.

सर मूळचे वर्ध्याकडचे. आधीची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली आणि पन्नाशीनंतर आमच्या कंपनीत सपोर्टला, म्हणजे गिऱ्हाइकांच्या तक्रारी सोडवायला, आले. आम्ही ऑनलाइन दुकानांसाठी छोटी अ‍ॅप्स बनवायचो. सगळे पंचविशीतले, सगळे अतिहुशार.

मी तर नारायण पेठेतली. चूक समोरच्याची असते, हे आम्हाला बाळकडूतच मिळतं.

लोणी काळभोरच्या मंगलताई कुरडया-पापडांचं ऑनलाइन दुकान चालवायच्या. ऐन उन्हाळ्यात, त्यांच्या सीझनला, त्यांनी दुकानाची थीम बदलली, म्हणजे दुकानाचं रूप. आणि ऑर्डरी आटल्या. काही गिऱ्हाइकं म्हणायची, 'खरेदी करा' हे बटण दाबलंच जात नाही. बाकीच्यांचं मात्र व्यवस्थित चालायचं.

त्यांच्या पानावर आमचं एक अ‍ॅप होतं. पिनकोड टाकला की पार्सल कधी पोचेल ते सांगणारी एक चौकट. ती मीच लिहिली होती.

ताईंनी चार वेळा तक्रार केली. मी चारही वेळा एकच उत्तर चिकटवलं: "आमचं अ‍ॅप बरोबर चालतंय. हा थीम कॉन्फ्लिक्ट आहे. कृपया थीमवाल्यांशी बोला."

थीमवाले त्यांना सांगायचे, अ‍ॅपवाल्यांशी बोला.

चौथ्या तक्रारीत ताईंनी लिहिलं होतं, 'सोमवारपासून कामाच्या सहा बायकांना येऊ नका म्हणून सांगते.' मी तेही तिकीट, म्हणजे ती तक्रार, बंद केलं.

सर माझ्या खुर्चीपाशी आले.

"काऊन बंद केलं?"

"सर, कॉन्फ्लिक्ट आहे."

"भांडण आहे म्हणतेस, तर कोण कोणाच्या अंगावर गेलं ते तरी सांग."

मला राग आला. खरं सांगायचं तर खूप आला.

सरांनी दुकानाची एक नक्कल करून घेतली, म्हणजे चालू दुकानाला धक्का नको. ताईंची नऊच्या नऊ अ‍ॅप्स बंद केली. मग एकेक चालू करायचं आणि दर वेळी एक किलो कुरडयांची खोटी ऑर्डर टाकायची. असं नऊ वेळा.

नऊही अ‍ॅप्स चालू झाली आणि बटण मस्त चाललं.

"बघा, म्हटलं नव्हतं?" मी.

सरांचा चेहरा फुलला होता. "वा! आता मजा आली."

ज्यांचं बटण चालत नव्हतं, त्या गिऱ्हाइकांना त्यांनी फोन लावले. त्यातल्या एक भोसलेबाई, रिटायर्ड नर्स, धायरीला राहायच्या. शनिवारी सर मला बसने तिकडे घेऊन गेले. एका बटणासाठी धायरी! मी वाटभर तोंड फुगवून बसले होते.

"तुम्हीच दाबून बघा," म्हणत भोसलेबाईंनी फोन पुढे केला.

सरांनी तो हातातच घेतला नाही. "तुम्ही रोज करता तसं करा. मी नुसता बघतो."

बाई दाबत राहिल्या. सर बघत राहिले, लहान मुलं गारुड्याकडे बघतात तसे. मग विचारलं, "अक्षरं एवढी मोठी कधी केली?"

"मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर. सुनेने करून दिली."

मी वाकून त्यांच्या स्क्रीनकडे बघितलं.

मोठ्या अक्षरांमुळे माझी चौकट फुगून खाली उतरली होती आणि तिचा रिकामा, पारदर्शक भाग नव्या थीमच्या बटणावर बसला होता. बटण दिसत होतं, पण बोट माझ्या चौकटीवर पडत होतं. मी ती तपासली होती फक्त माझ्या फोनवर, माझ्या बारीक अक्षरांत. आणि ताईंची निम्मी गिऱ्हाइकं साठीच्या पुढची!

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "सर, तो कोड माझा आहे."

"माहीत आहे. वर नाव आहे तुझं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला दिसलं ना? झालं तर मग. आता ताईंना कोण सांगणार?"

मी म्हटलं, दुरुस्ती टाकून देऊ, तिकिटावर 'प्रॉब्लेम सुटला' असं लिहू.

"नाही. फोन कर. कोणाचं चुकलं ते सांग."

ऑफिसला जाऊन मी कोड दुरुस्त केला. भोसलेबाईंकडून खरी ऑर्डर गेल्याची खात्री केली. मग शिव्या खायच्या तयारीने लोणीला फोन लावला.

"ताई, चूक आमची होती. म्हणजे, माझी."



"म्हंजी... माझ्या हातनं काय मोडलं नव्हतं?"

"नाही ताई. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

"अगं, बारा दिस झालं, मला वाटतंय थीम बदलताना माझाच हात कुठंतरी लागला. घरात समदी तेच म्हणत्यात. झेपत नाय तर करायचं कशाला, म्हणून."

त्या रडत होत्या.

मी चार वेळा पाठवलेल्या त्या उत्तराचा लोणीतल्या त्या घरात काय अर्थ झाला होता, ते मला तेव्हा कळलं.

मग त्या म्हणाल्या, "थांब. फोन ठेवू नगंस. आमच्या मालकांना देते. त्यास्नी सांग हे."

मी मालकांना सांगितलं. मग सासूबाईंना सांगितलं. मग ताईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि अंगणातल्या सहाही बायकांना पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं.

आठ माणसांसमोर मी माझी चूक कबूल केली. शेजारच्या खुर्चीत सर डोळे मिटून ऐकत होते.

सर, तो फोन तुम्ही करायला लावला नसता, तर मी आजही नुसती हुशारच राहिले असते.

खूप आठवण येणार आहे तुमची.

जय भीम, सर.