पाऱ्याचे फडके

१४ जून १८७३ रोजी आरशांच्या कारखान्यातल्या मुकादमाने तिच्या हातावर पहिला पगार ठेवला: सात रुपये चार आणे. याच कामाचे नवऱ्याला अकरा मिळत. पण पाऱ्याने त्याच्या हातांना असा कंप सुटला होता की पाण्याचा पेला तोंडाशी जाईपर्यंत निम्मा सदऱ्यावर सांडे. म्हणून त्याच्या जागी ती उभी राहिली. घरात तिचे नाव ‘आरसेवाली’ पडले.

ओट्यावर कथलाचा पातळ पत्रा अंथरायचा, त्यावर पारा ओतून फडक्याने सारखा करायचा, मग वरून काच सरकवायची. फडक्यात अडकलेला पारा कामावरच्या बायकांचा. तो घरी नेऊन काढावा आणि मुकादमालाच विकावा, अशी तिथली रीत. फडके चुलीपाशी तापवले की थेंब सुटत आणि वाटीत झटकता येत.

धाकट्या मुलीला मात्र ती कारखान्याच्या वाऱ्यालाही उभी करीत नसे. “घरातलं एक माणूस दिलं, तेवढं पुरे,” म्हणायची. मुलगी चुलीपाशी बसून फडकी तापवायची. राख उडू नये म्हणून खिडकी बंद.

सातव्या वर्षी मुलीचे दात हलू लागले.

“बोळकं होणार गं बाई!” सासू हसली. “मला जोडीदारीण मिळाली.”

“लाळ फार गळतेय हो, सासूबाई.”

“दात यायचे म्हणजे गळणारच. तुझा नवरा तर उशी भिजवायचा!”

कोपऱ्यातून नवऱ्याने विचारले, “दाढ हलतेय का? मागची? कारखान्यात सगळ्यांची तीच आधी हलते.”

तिने मुलीच्या तोंडात बोट घातले. दाढ हलली.

“अहो, पण हिला मी कारखान्यात पाऊल टाकू दिलं नाही!”

नवरा उठून खिडकीशी गेला, पण कडी त्याच्या हाताला लागेना. शेवटी तिनेच उघडली.

उघड्या खिडकीचा उपयोग झाला नाही. डॉक्टर दोनदा येऊन गेले आणि पावसाळ्याआधीच मुलगी गेली.

घरात मुलगा होता, नवरा होता. ती आठवड्याभरात कामावर परतली, पण फडकी तिथेच टाकून येऊ लागली.

“हक्काचं सोडतेस? डोकं फिरलंय का?” मुकादम म्हणाला.

“फिरलंय,” ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

मुलाला तिने शिंप्याकडे कामाला लावले. आजचे आमचे घराणे त्याच्यापासूनचे. ती स्वतः हात थरथरेपर्यंत त्या ओट्याशीच राहिली.

डॉक्टरांच्या दुसऱ्या फेरीचा सव्वा रुपया अजून द्यायचा राहिला आहे.