दुसरी हाक

नेऱ्याच्या सगुणाबाईचं तोंड म्हणजे उकळत्या भातावरचं झाकण, गप म्हणून बसायचं नाही. गावातला कुणी पलटणीत गेला, की दिवेलागणीला ही त्याच्या घरी हजर. मागं राहिलेल्या बायकोला तीच वेळ खायला उठते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिचा स्वतःचा नवरा जर्मनच्या लढाईवर गेला, तो आलाच नाही. शिरताशिरताच म्हणायची, "नवरा जाताना मीठबी घेऊन गेला व्हय गं? आमटी चाख की!" रडणारी हसायची. निघताना मात्र ताकीद, "तिन्हीसांजंला बाहेरनं हाक आली तर ओ देऊ नगं. दुसऱ्यांदा आली तरच दे. भूत एकदाच हाक मारतं."

चीनच्या लढाईत गावातल्या जयाचा नवरा वाल्मीक बेपत्ता झाला. वरीस उलटलं. एका तिन्हीसांजेला सगुणाबाई आणि जया पावटे सोलत बसलेल्या, आणि अंगणातून आवाज आला, "जये!"

एकदाच. कुत्रं भुंकलं नाही. जयानं दाराची कडी घट्ट धरली.

"काकी, त्यांचाच आवाज..."

"थांब. दुसरी येऊ दे."

दुसरी येईना. सगुणाबाईनं फटीतून पाहिलं. एक माणूस खांबासारखा उभा, पापणीही हलत नव्हती. मग तो वळला आणि चालू लागला.

सगुणाबाई मागच्या दारानं धावली, त्याचं मनगट धरलं. हात बर्फासारखा, पण नाडी उडत होती.

"वाल्म्या! जिता हायेस, मग दुसऱ्यांदा हाक माराया काय दातखीळ बसली?"

तो कुजबुजला, "काकी, तितं लढाईत हाक एकदाच मारायची. दुसरीला गोळी येती."

काळोख्या शिवाराकडं तोंड करून सगुणाबाई त्याच्या पुढ्यात आडवी उभी राहिली. "गोळी आली तर मला लागंल. मार हाक."

कानांवर हात दाबून तो ओरडला, "जये!"

कडी निघाली.

"आता तरी मीठ घाल गं," म्हणत सगुणाबाई घरी निघाली. बांधावर पोचली आणि मागून हाक आली.

"सगुणे!"

एकदाच. नवऱ्याचा हा आवाज ती कितीतरी वर्षं ऐकत होती. दर वेळी दुसरीची वाट बघून, दार लावून घेत होती.

या वेळी मात्र ती दुसरीसाठी थांबली नाही.

"ओ!" ती म्हणाली.

बांधावर पावलं वाजू लागली, तिच्याकडं येणारी.